अडखळणारी जीभ आणि फातिहा

नौपाडा, ठाणे (प.)


तोतऱ्या माणसाला बोलताना एक पळवाट असते. जो शब्द अडतो तो टाळून तो दुसरा वापरतो. ‘पाणी’ निघत नसेल तर ‘ग्लास दे’ म्हणतो. नमाजातल्या सूरह फातिहेत ही सोय नाही. तिथला शब्द तोच, क्रमही तोच. पाच फर्ज नमाजांच्या 17 रकाती होतात आणि शाफई मताप्रमाणे प्रत्येक रकातीत ही सात आयतींची सूरह म्हणावीच लागते.

ठाणे, कल्याण, भिवंडीकडची कोकणी मुसलमान घराणी परंपरेने शाफई. अरबीत कुरआनचे भाष्य लिहिणारे माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) याच मताचे. या मतात बिस्मिल्ला ही फातिहेची पहिली आयत धरतात, फातिहेतल्या 14 तश्दीदांचाही (जोड उच्चारांचाही) हिशेब ठेवतात आणि इमामामागे उभ्या असलेल्या मुक्तदीलाही ती स्वतः म्हणायला लावतात. हनफी मतात इमामाचे पठण मुक्तदीला पुरते. म्हणून जमातीत, म्हणजे सामूहिक नमाजात, उभे राहिल्यावर जिभेची अडचण हनफी मुलापेक्षा शाफई मुलाला अधिक जाणवते.

पठणातल्या चुका दोन तऱ्हेच्या मानल्या जातात. उघड चूक अर्थाला धक्का लावते. ‘अन्‌अम्त’ म्हणजे ‘तू कृपा केलीस’. शेवटचा स्वर बदलून ‘अन्‌अम्तु’ झाले की ‘मी कृपा केली’ असा अर्थ होतो. ‘इय्याक’मधला जोड ‘य’ सैल सोडला तरी शब्द बिघडतो. सूक्ष्म चूक मात्र पठणाच्या शोभेपुरती असते. एखादा स्वर हवा तेवढा लांबत नाही, नाकातला गुंजारव राहून जातो. तिने नमाज मोडत नाही. देवनागरीतून फातिहा पाठ केलेल्यांचा घोटाळा आणखी वेगळा. ‘अल्‌हम्दु’मधला ‘ह’ घशाच्या मध्यातून येतो, ‘इह्‌दिना’मधला अगदी तळातून, आणि आपल्या लिपीत दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जातात. अशी चूक ऐकूनच दुरुस्त होते. पुस्तकाच्या भरवशावर राहू नये.

ज्याची जीभ खरोखर चालत नाही त्याच्याशी शरियत बरीच नरमाईने वागते. हजरत आयेशांकडून आलेली हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे: जो अडखळत, कष्टाने कुरआन वाचतो त्याला दुहेरी पुण्य. शाफई फिकहच्या ग्रंथांत तोतरा आणि बोबडा यांचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. तोतरा एकच अक्षर दोन-तीनदा उच्चारतो. त्याने नमाजाला बाधा येत नाही. त्याने इमामत केली तर तीही चालते, फक्त नापसंत मानतात. बोबडा एका अक्षराच्या जागी दुसरेच काढतो. शिकूनही जमत नसेल तर त्याची स्वतःची नमाज होते, पण शुद्ध वाचणाऱ्याचा इमाम त्याला होता येत नाही. अडल्यामुळे किंवा खोकल्यामुळे मध्येच थांबावे लागले तर फातिहेचा सलगपणा तुटला असे धरत नाहीत. फातिहा मुळीच येत नसेल तर कुरआनातल्या दुसऱ्या सात आयती, त्याही नसतील तर तेवढा जिक्र (अल्लाहचे स्मरण), तोही नसेल तर तेवढा वेळ नुसते उभे राहणे, अशी पायरी-पायरीने सवलत आहे.

जमातीत खरी धांदल उडते ती इमाम रुकूत जातो तेव्हा. मुक्तदीची फातिहा पाचव्या आयतीवरच असते आणि पुढची ओळ वाकलेली दिसते. अशा वेळी मुळातच सावकाश वाचणाऱ्याने फातिहा पुरी करावी आणि मग इमामाला गाठावे. रुकू आणि दोन सजदे असे तीन मोठे टप्पे मागे राहण्याची त्याला मुभा आहे. घाईत उरलेले शब्द गिळू नयेत.

ही मुभा वसवशाने, म्हणजे मनातल्या सततच्या शंकेने, मागे पडलेल्याला मात्र नाही, आणि हा भेद फार मोलाचा आहे. काहींची जीभ ठीक असते, पण मन दर आयतीला विचारते, ‘नीट झाले का?’ मग तेच शब्द पुन्हा, पुन्हा. बाहेरून दोघेही अडखळलेलेच दिसतात, पण उपाय उलटे आहेत: पहिल्याने वेळ घ्यावा, दुसऱ्याने पुढे चालावे. फातिहा संपल्यावर एखादे अक्षर सुटल्याची शंका आली तर ती विचारात घ्यायची नसते. उस्मान बिन अबिल आस या सहाबींनी नमाजात पठणाचा गोंधळ होतो अशी तक्रार केली तेव्हा प्रेषितांनी त्यांना अल्लाहचा आश्रय मागायला सांगितले. नमाज पुन्हा पढायला सांगितले नाही.

आवाज स्वतःच्या कानाला ऐकू जाईल एवढा असावा, मनातल्या मनात म्हटलेले पुरत नाही. गोखले रोडच्या हॉर्नमुळे ऐकू आले नाही, म्हणून ओरडायचेही कारण नाही. आजूबाजूला शांतता असती तर ऐकू आले असते, एवढे पुरे.

सरावाच्या बाबतीत तरतीलची, म्हणजे सावकाश, स्पष्ट पठणाची चाल तोतरेपणाला सोयीची आहे. लयीत किंवा दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळून बोलताना बहुतेकांचे अडखळणे कमी होते. म्हणून आधी उस्तादाबरोबर एकसुरात वाचावे, मग त्यांनी आवाज हळूहळू कमी करावा. प्रत्येक आयतीवर थांबून श्वास घ्यावा. सूरह ताहामधली हजरत मूसांची दुआ जिभेची गाठ सुटावी म्हणूनच आहे. ती जरूर म्हणावी.

दुआ आणि इलाज यांत वैर नाही. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. ती वाचादोष आणि श्रवणदोषांवरच काम करते. ठाण्याहून दादरला गाडी बदलली की बांद्रा गाठता येते. तिथली तारीख घ्यावी, आणि अडचण उस्तादांच्या कानावर त्याआधीच घालावी.