आधी हाक, मग फोटो

चाकण म्हटले की पूर्वी कांद्याचा बाजार आठवायचा. बाजार आजही आहे. पण आता कारखान्यांच्या रांगाही उभ्या आहेत. रांग संपली की ऊस लागतो. उसात बिबट्या राहतो. म्हणजे कारखाना, शेत आणि बिबट्या असे तिघे शेजारी झाले. शेजारी कधी ना कधी समोर येणारच!

२१ मार्च २०२२ ची गोष्ट. चाकणच्या मर्सिडीज-बेंझ मोटारींच्या कारखान्यात बिबट्या शिरला. कामगारांना बाहेर काढले. काम थांबवले. वनखात्याची माणसे आली. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तिथले डॉक्टर आले. सुमारे ६ तासांनी बिबट्याला भुलीचे औषध देऊन सुखरूप नेले. मध्ये गर्दी नव्हती, म्हणून जाणत्यांना नीट काम करता आले.

शिवारात मात्र पुष्कळदा उलटे घडते. “बिबट्या आला रे!” अशी आरोळी उठते. सगळे धावतात. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. पुढचा फोटो काढतो, मागचा त्याला ढकलतो. कोणी दगड मारतो, म्हणजे जनावर तोंड वळवील! बिबट्याला खरे तर पळून जायचे असते. पण चारी बाजूंनी माणसे उभी राहिली, तर त्याने जावे कुठून? मग तो गर्दीतूनच वाट काढतो. त्यात माणसे जखमी होतात. फोटो राहतो बाजूला.

ऊसतोडणीच्या वेळी आणखी एक गोष्ट घडते. कोयता चालता चालता पाचटात मांजराएवढी पिल्ले दिसतात. पोरे म्हणतात, “उचल रे, मांडीवर घेऊन फोटो काढू.” बाबांनो, थांबा! ती पिल्ले टाकलेली नाहीत. आई जवळच कुठे तरी लपलेली असते. अंधार पडला की ती येते. पिल्ले जागेवर नसली, तर ती त्यांना शोधत शिवारात फिरते. त्यात तिलाही धोका आणि आपल्यालाही.

अशा वेळी वनखात्याचे लोक काय करतात? डॉक्टर पिल्ले तपासतात. संध्याकाळी ती खोक्यात घालून त्याच जागी ठेवतात. जवळ आपोआप चालणारा कॅमेरा लावतात आणि सगळे दूर जातात. रात्री आई येते, पिल्लू तोंडात धरते आणि घेऊन जाते. त्याचा फोटो निघतो. पाहा, किती सुंदर फोटो! आणि तो निघाला तेव्हा तिथे माणूस नव्हताच.

आपली भीती खोटी नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत बिबट्याने माणसे मारली आहेत. ज्या घरचे लेकरू गेले, त्या घराला उपदेश काय करावा? पण म्हणूनच गर्दी नको. गर्दीने बिबट्या कमी होत नाही, धोका मात्र वाढतो.

तर मग फोटो काढूच नये का? काढावा. पण रीत पाळावी.

१. आधी १९२६ या वनखात्याच्या मोफत क्रमांकावर फोन करावा. लेकरांना घरात घ्यावे.
२. घरातून, गच्चीवरून किंवा बंद गाडीतून फोटो काढावा. पुढे जाऊ नये. चित्र लहान आले तरी चालेल.
३. झगझगीत उजेड पाडू नये. रात्री त्याचे डोळे दिपतात.
४. जनावराची वाट मोकळी ठेवावी. हाकारू नये, दगड मारू नये.
५. जागेचा पत्ता वनखात्याला सांगावा. मोबाईलवरून गावभर पाठवू नये. नाही तर जत्रा जमते.

नाग निघाला तरी हीच रीत. त्याला काठीवर उचलून फोटोसाठी मिरवू नये. बिबट्या काय, नाग काय, १९७२ च्या कायद्याने दोघांनाही संरक्षण आहे. त्यांना छळणे हा गुन्हा आहे.

पाहुण्याची वाट अडवून कोणी त्याची तसबीर काढत नाही. मग या मुक्या शेजाऱ्याची तरी का अडवावी? मोबाईल जवळ आहे ना? मग त्यावरून आधी हाक मारू. फोटो मागाहून.

विचार करा व सांगा

१. उसात पिल्ले सापडली तर ती का उचलू नयेत?
२. गर्दीत सापडलेला बिबट्या माणसांवर का धावतो?
३. १९२६ हा क्रमांक आपल्या घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.