तुलनेची क्रियाविशेषणे : इंग्रजी आणि मराठी

क्रिया कशी, केव्हा, कोठे किंवा किती घडली हे सांगणाऱ्या शब्दाला क्रियाविशेषण म्हणतात. दोन किंवा अधिक क्रियांची तुलना करावयाची झाली म्हणजे या शब्दांचे काय होते, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना विद्यार्थ्यांची जी वाक्ये अवघडल्यासारखी वाटतात, त्यांपैकी बऱ्याच वाक्यांचे मूळ येथेच सापडते.

एक साधे वाक्य घ्या : 'सुनीता मीनापेक्षा वेगाने धावते.' या वाक्यातील 'वेगाने' हा शब्द नीट पाहा. 'सुनीता वेगाने धावते' या वाक्यात तो जसा आहे तसाच येथेही आहे. त्याच्या रूपात काडीचाही फरक झालेला नाही. तुलना सांगितली आहे ती 'मीना' या नामाला लागलेल्या 'पेक्षा' या शब्दयोगी अव्ययाने. इंग्रजीत मात्र 'फास्ट' या क्रियाविशेषणाचेच 'फास्टर' होते. पुढे 'दॅन मीना' हे शब्द येतात खरे, परंतु ते गाळले तरी 'फास्टर' हा एकटा शब्द तुलना सांगण्यास समर्थ असतो. सर्व मुलींमध्ये सुनीताच पुढे असेल तर इंग्रजीत 'फास्टेस्ट' आणि मराठीत 'सर्वांत वेगाने'. 'वेगाने' पुन्हा होते तसेच राहते.

थोडक्यात, इंग्रजी भाषा तुलनेची खूण क्रियाविशेषणावर करते, तर मराठी ती ज्याच्याशी तुलना करावयाची त्याच्यावर करते. ही केवळ मराठीची रीत आहे असेही नाही. हिंदीतील 'से', बंगालीतील 'चेये', कन्नडमधील 'गिंत', तेलुगूतील 'कंटे', तमिळमधील 'विड' हे शब्द किंवा प्रत्यय नेमके हेच काम करतात. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या भाषेतील वाक्य या दृष्टीने तपासून पाहावे. कुळे भिन्न असूनही या बाबतीत आपल्या भाषा एकमेकींच्या जवळ आहेत. मराठीतील 'पेक्षा' हा शब्द संस्कृत 'अपेक्षा' या शब्दावरून आला आहे. 'हून' हा पंचमीचा प्रत्ययही हेच काम करतो : 'मीनाहून वेगाने'.

आता इंग्रजीतील रूपांकडे वळू. तेथे दोन मार्ग आहेत. 'फास्ट', 'हार्ड', 'सून', 'लेट', 'हाय' यांसारखी एकावयवी क्रियाविशेषणे 'अर' आणि 'एस्ट' हे प्रत्यय घेतात : 'हार्ड, हार्डर, हार्डेस्ट'. विशेषणाला 'ली' जोडून जी क्रियाविशेषणे बनतात ती प्रत्यय न घेता आपल्यापूर्वी 'मोअर' आणि 'मोस्ट' हे शब्द घेतात : 'क्विकली, मोअर क्विकली, मोस्ट क्विकली'. 'अर्ली' या शब्दाच्या शेवटी 'ली' ऐकू येत असला तरी तो विशेषण आणि क्रियाविशेषण अशा दोन्ही नात्यांनी वापरला जातो व त्याचे 'अर्लिअर, अर्लिएस्ट' असे होते. काही रूपे कोणत्याच नियमात बसत नाहीत, ती पाठच करावी लागतात. 'वेल'चे 'बेटर, बेस्ट', 'बॅडली'चे 'वर्स, वर्स्ट', 'मच'चे 'मोअर, मोस्ट' आणि 'लिटल'चे 'लेस, लीस्ट'. दोन्ही मार्ग एकाच वेळी धरू नयेत. 'मोअर फास्टर' हे आजच्या प्रमाण इंग्रजीत अशुद्ध ठरते, जरी शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकात अँटनीच्या तोंडी असा दुहेरी प्रयोग आला असला तरी. 'हार्डली' या शब्दाबाबतही सावध असावे. त्याचा 'कष्टाने' या अर्थाच्या 'हार्ड'शी आज संबंध उरलेला नाही, त्याचा अर्थ 'जेमतेम' किंवा 'क्वचितच' असा आहे. 'तिने कष्टाने अभ्यास केला' याऐवजी 'तिने अभ्यास जवळजवळ केलाच नाही' असे लिहिले जाण्याचा प्रसंग त्यामुळे येऊ शकतो.

शब्दाच्याच रूपात तुलना सांगण्याची रीत आपल्या परंपरेला परकी मात्र नाही. संस्कृतात 'तर' आणि 'तम' हे प्रत्यय आहेत; त्यांवरूनच 'तारतम्य' हा शब्द तयार झाला. 'गुरुतर', 'उच्चतर', 'लघुतम' ही विशेषणे मराठीने जशीच्या तशी घेतली. क्रियाविशेषणांसाठी संस्कृतात 'तराम्' आणि 'तमाम्' अशी रूपे होती, जसे 'उच्चैस्तराम्' म्हणजे अधिक उंच स्वरात. पाणिनीच्या व्याकरणानुसार हा प्रत्यय क्रियापदालाही लागतो : 'पचतितराम्' म्हणजे अधिक चांगले शिजवतो. एवढी ऐपत इंग्रजीलाही नाही. या संपत्तीपैकी रोजच्या मराठीत उरलेले एक नाणे म्हणजे 'सुतराम्'. 'हे मला सुतराम् मान्य नाही' असे म्हणणाऱ्याला आपण तरभावाचे क्रियाविशेषण वापरत आहोत याची कल्पनाही नसते, कारण त्यातील तुलना पुसून गेली असून केवळ जोर शिल्लक राहिला आहे.

ज्याच्याशी तुलना करावयाची ते वाक्यात दिलेलेच नसेल तर मराठीने काय करावे? खरी अडचण येथे आहे. ऑलिंपिक चळवळीचे ब्रीद हे याचे उत्तम उदाहरण होय. 'सिटियस, अल्टियस, फोर्टियस' हे तीन लॅटिन शब्द पियेर द कुबेर्तँ यांनी १८९४ मध्ये सुचविले. ते मूळचे त्यांचे स्नेही, धर्मगुरू हेन्री दिदाँ यांचे. हे तिन्ही शब्द तरभावाची क्रियाविशेषणे आहेत. इंग्रजीत त्यांचे 'फास्टर, हायर, स्ट्राँगर' झाले. पहिले दोन शब्द क्रियाविशेषण म्हणून चालतात, पण 'स्ट्राँगर' हे सामान्यतः विशेषण आहे. तिसऱ्या शब्दाचे काटेकोर रूप 'मोअर स्ट्राँगली' झाले असते आणि ब्रीदाची लय बिघडली असती, म्हणून इंग्रजीने व्याकरणाला थोडी मुरड घातली. ती योग्यच म्हणावी लागेल.

मराठीत केवळ 'वेगाने, उंच, जोमाने' असे लिहिले तर तुलनाच नाहीशी होते. 'पेक्षा' घालावा तर कोणापेक्षा, हे भाषांतरकाराला ठरवावे लागते : इतर खेळाडूंपेक्षा, की कालच्या स्वतःपेक्षा? मूळ ब्रीदाने हा प्रश्न मोकळा ठेवला आहे आणि तो मोकळा राहण्यातच त्याचे बळ आहे. म्हणून येथे 'अधिक' हा शब्द मराठीच्या मदतीला येतो : 'अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक जोमाने.' २०२१ च्या जुलै महिन्यात टोकियो येथे या ब्रीदाला 'एकत्र' या अर्थाचा चौथा शब्द जोडण्यात आला. तोही लॅटिनमध्ये क्रियाविशेषणच आहे, परंतु त्याला तरभाव नाही.

'अधिक' येथे आवश्यक ठरला म्हणून तो सर्वत्र पेरावा असे नाही. 'सुनीता मीनापेक्षा अधिक वेगाने धावते' हे वाक्य चुकीचे नाही. मीनाही वेगानेच धावते असे त्यातून सूचित होते. परंतु प्रत्येक 'मोअर' दिसताच 'अधिक' लिहिण्याची सवय लागली की मराठी जड होते. दूरध्वनीवर ऐकू येत नसेल तर इंग्रज 'मोअर स्लोली' बोलण्याची विनंती करतो. मराठी माणूस 'कृपया अधिक हळू बोला' असे म्हणत नाही, 'जरा हळू बोला' असे म्हणतो. 'जरा' या शब्दात आधीच्या बोलण्याशी तुलना आलीच. त्याचप्रमाणे 'द सूनर द बेटर' याला 'जितके लवकर तितके बरे' हा रुळलेला प्रयोग आहे. त्यात ना 'अधिक' आहे, ना 'जास्त'.

याच 'बरे' शब्दापाशी मात्र मराठीने सावध राहावे. रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना कळवितात, 'आता त्यांना बरे वाटते.' याचा अर्थ आजार गेला असा होऊ शकतो, अथवा कालच्या मानाने आज त्रास कमी आहे असाही होऊ शकतो. इंग्रजीत पहिल्या अर्थी 'वेल' आणि दुसऱ्या अर्थी सामान्यतः 'बेटर' येते. औषध चालू ठेवावयाचे की थांबवावयाचे, हे या फरकावर अवलंबून असू शकते. तेव्हा 'कालपेक्षा बरे वाटते' असे स्पष्ट लिहावे. जेथे तुलना महत्त्वाची आहे तेथे 'पेक्षा' गाळू नये.

'पेक्षा' असूनही अर्थ दुहेरी होतो असे प्रसंग आहेत. 'बाई माझ्यापेक्षा रमेशला जास्त ओळखतात' या वाक्याचे दोन अर्थ निघतात. बाई मला जेवढे ओळखतात त्यापेक्षा रमेशला जास्त ओळखतात, हा एक. मी रमेशला जेवढे ओळखतो त्यापेक्षा बाई त्याला जास्त ओळखतात, हा दुसरा. औपचारिक इंग्रजीत 'दॅन मी' आणि 'दॅन आय डू' अशा रचनांनी हे वेगळे करता येते. मराठीत क्रियापद पुन्हा आणणे हाच खात्रीचा उपाय आहे. वाक्य लांबते, पण शिफारसपत्रात किंवा साक्षीत ते लांबलेलेच बरे.

सराव

१. 'आई दादापेक्षा माझी जास्त काळजी करते' या वाक्याचे दोन्ही अर्थ स्वतंत्र वाक्यांत लिहा.

२. 'सून', 'केअरफुली', 'बॅडली' आणि 'अर्ली' यांची तरभाव व तमभावाची रूपे सांगा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात 'अधिक' हा शब्द न वापरता अर्थ द्या.

३. आपल्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या मराठीव्यतिरिक्त एखाद्या भाषेत 'सुनीता मीनापेक्षा वेगाने धावते' हे वाक्य कसे म्हणतात ते विचारून लिहा. तुलनेची खूण कोणत्या शब्दाला लागली आहे?