“पोरगं हॅकर होतो म्हणते जी”

गेल्या उन्हाळ्यात नागभीडकडचे एक गृहस्थ चंद्रपुरात भेटायला आले. चार एकर धानाची शेती, मुलगा बारावी झालेला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी थेट विचारलं, “सर, पोरगं हॅकर होतो म्हणते जी. पोलीस तं येनार नाही ना घरी?”

ही भीती खरी आहे आणि तिचं उत्तर सरळ द्यायला हवं. मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्याही संगणकात किंवा साइटमध्ये शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे बेकायदा आहे. अप्रामाणिक किंवा फसवणुकीच्या हेतूनं केलं, तर कलम ६६ खाली तो गुन्हा ठरतो आणि तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मी फक्त पाहत होतो’ म्हटल्यानं ते कायदेशीर होत नाही. पण हेच कौशल्य मालकाची लेखी परवानगी घेऊन, साइट लोकांसाठी खुली होण्याआधी तिच्यातल्या फटी शोधून बुजवायला वापरलं, तर तो सन्मानाचा रोजगार आहे. मुलाला यातलं नेमकं काय करायचं आहे, हे आधी त्याच्याकडून समजून घ्या.

त्या गृहस्थांना मी कागदावर एक उदाहरण काढून दाखवलं. समजा, ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळच्या एका होमस्टेची बुकिंग साइट तुमच्या मुलानं बनवली. पाहुणा नाव आणि आधार क्रमांक टाकतो, पैसे भरतो, पावती उघडते. वर पत्त्याच्या पट्टीत शेवटी १०२४ हा आकडा दिसतो. दुसरा कुणी तिथे १०२५ टाकून एंटर दाबतो आणि पुढच्या पाहुण्याची पावती आधार क्रमांकासकट त्याच्यासमोर येते. कुलूप कुणी फोडलेलं नाही. पावती मागणारा माणूस तिचा धनी आहे का, हे सर्व्हरनं विचारलंच नाही. आता भाडं पाहा. चार हजार रुपये हा आकडा पाहुण्याच्या ब्राउझरकडून सर्व्हरकडे जात असेल, तर बर्प किंवा झॅप यांसारखं साधन वापरून तो वाटेतच बदलता येतो. सर्व्हरनं आलेला आकडा तसाच मान्य केला, तर खोली चार रुपयांत जाते. उपाय सोपा आहे: दर सर्व्हरनं स्वतःच्या नोंदीतून काढायचा आणि प्रत्येक पावती देण्याआधी ती मागणाऱ्याचीच आहे का, हे तपासायचं.

गृहस्थ लगेच म्हणाले, “म्हणजे धान निसवल्यावर कुंपण पाहून काय फायदा, ते आधीच पाहा लागते.” मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

दुसऱ्याची पावती उघडणाऱ्या त्या चुकीला ‘ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल’ म्हणतात. ओवास्प ही २००१ पासून चालणारी जागतिक स्वयंसेवी चळवळ वेब ॲप्लिकेशनमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. २०१७ च्या यादीत ही चूक पाचवी होती, २०२१ मध्ये पहिली आली. त्याच यादीत इंजेक्शन आहे, म्हणजे नावाच्या चौकटीत कुणी डेटाबेसची आज्ञाच लिहून पाठवतो आणि प्रोग्राम ती पाळतो. जुनी, न बदललेली लायब्ररी, म्हणजे उसना घेतलेला तयार कोड, आहे, चुकीचं सेटिंग आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या एका फुकट लायब्ररीतल्या दोषानं जगभरच्या कंपन्यांची झोप उडवली होती.

आपल्याकडे कॉलेजात प्रोजेक्ट दाखवताना बरोबर माहिती भरायची, पान उघडलं की गुण घ्यायचे, अशी रीत पडली आहे. मुद्दाम चुकीची माहिती भरून पाहणारे परीक्षक मी फार थोडे पाहिले. नोकरीत नेमकी तीच सवय लागते.

काम आहे का? आहे. सरकारी साइट एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या सर्व्हरवर चढण्याआधी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. अशा संस्थांना माणसं लागतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा सुरक्षेत हयगय करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो, त्यामुळे खासगी कंपन्याही हे काम टाळू शकत नाहीत. आणि धोका पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर हल्ल्यात ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या ग्राहकांचे साडेतीन कोटींहून जास्त रुपये भलत्याच खात्यांत वळले. या दोन्ही घटना होमस्टेच्या पावतीसारख्या साइटच्या चुका नव्हेत, पण पैशांची वाट संगणकातून जाते तिथे राखण लागते, हे त्यांनी घरोघरी पोचवलं.

रस्ता असा. दहावीनंतर गडचिरोली किंवा ब्रह्मपुरीच्या शासकीय तंत्रनिकेतनाचा विचार करता येतो. कोणत्या शाखेत किती जागा आहेत ते प्रवेशाच्या वेळी यादीत पाहून घ्या. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावीवाल्यांना सीईटीतून चंद्रपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गोंडवाना विद्यापीठाच्या महाविद्यालयांत संगणकाची पदवी आहे. पदवीनंतर सी-डॅकचा सिस्टिम्स आणि सुरक्षेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. पण पहिली नोकरी बहुधा डेव्हलपर किंवा टेस्टर म्हणून लागते, सुरक्षेची पाटी नंतर मिळते. तीन महिन्यांत ‘एथिकल हॅकर’ आणि नोकरीची हमी, असं सांगून मोठी फी मागणाऱ्या क्लासला कृपा करून शेत गहाण टाकून पैसे देऊ नका. ओएससीपीसारख्या सुरक्षा-प्रमाणपत्राच्या परीक्षेचा खर्चही लाखापुढे जातो. तो नोकरी लागल्यावर करावा.

शिकायला लागणारी मुख्य साधनं फुकट आहेत. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी विनामूल्य आहे. डीव्हीडब्ल्यूए आणि ज्यूस शॉप ही सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली ॲप्लिकेशन्स आहेत. ती एकदा उतरवून घेतली की आपल्याच लॅपटॉपवर नेटशिवाय चालतात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि रेंजही जाते. अशा दिवसांतही सराव थांबायचं कारण नाही. इंग्रजी मात्र वाचता-लिहिता यायलाच हवी. सापडलेला दोष कसा घडतो, त्यानं काय नुकसान होईल आणि तो कसा बुजवायचा, हे स्पष्ट लिहिणं हे या कामाचं निम्मं अंग आहे. बोलण्यात लाजणारी पण लिहिण्यात नेटकी असलेली मुलं-मुली इथे पुढे जाताना मी पाहिली आहेत.

पालकांना एकच विनंती. मुलानं किंवा मुलीनं पहिला प्रोजेक्ट पूर्ण केला की शेजारी खुर्ची ओढून बसा. संगणकातलं काही कळत नसलं तरी चालेल. पत्त्याच्या पट्टीतला शेवटचा आकडा तुमच्या बोटानं एकानं वाढवा आणि एंटर दाबा. दुसऱ्याची माहिती उघडली, तर साइट लोकांना द्यायची नाही, असं सांगा.