शिवाशिवीला मनाई

मुलांनो, मधल्या सुटीत तुम्ही शिवाशिवी खेळत असालच. एकावर राज्य येते, बाकीचे पळतात. या खेळाला ना बॅट लागते, ना चेंडू. नुसते मैदान पुरे. आणि मैदान हा शब्द तर तुमच्या उर्दूतही आहे!

अमेरिकेत बॉस्टन शहराच्या दक्षिणेला ॲटलबरो नावाचे गाव आहे. तेथील एका प्राथमिक शाळेने २००६ साली मधल्या सुटीत शिवाशिवी खेळण्यास मनाई केली. मुले पडतील, त्यांना इजा होईल आणि पालक शाळेला जबाबदार धरतील, अशी शाळेला भीती वाटली.

ही भीती अगदीच खोटी नव्हती. पळताना गुडघा फुटतो, कधी हातही मोडतो. पण कोठे वळावे, कोणाला चुकवावे, आपण पकडले गेलो तर न चिडता राज्य कसे घ्यावे, हे बाकावर बसून शिकता येईल का?

न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या स्वॉन्सन शाळेने उलट वाट धरली. तिने मधल्या सुटीतले खेळांचे नियमच काढून टाकले. मुले झाडांवर चढू लागली, चिखलात घसरू लागली. मुले खेळात इतकी गुंतली, की दांडगाई कमी झाली, असे तेथील मुख्याध्यापकांनी २०१४ साली सांगितले.