मॉरिशसची दालपुरी

आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. आकाराने आपल्या गोव्याच्या निम्म्याएवढे.

तेथे उसाच्या मळ्यांत गुलाम राबत. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांना तर मजूर हवेत. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून माणसे करारावर नेऊ लागले. बहुतेकांना अक्षर येत नव्हते. कागद दुसऱ्याने वाचायचा, यांनी निशाणी करायची. आत काय लिहिले आहे ते वाचणाराला ठाऊक! १९२० पर्यंत पाच लाखांच्या आसपास माणसे अशी गेली. त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती.

पोर्ट लुई ही बेटाची राजधानी. तिथल्या बंदरात हे लोक उतरत. ज्या दगडी पायऱ्या चढून ते वर आले, त्या सोळा पायऱ्या अजून आहेत. त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत तिचे नाव आले. तेथे गेलात तर घटकाभर थांबा.

मग बाजारात जा. रस्त्यावर दालपुरी मिळते. आपली पुरणपोळीच म्हणा, पण गूळ नाही. डाळ शिजवून, वाटून आत भरतात, हळद-जिरे घालतात. दोन पुऱ्या, वर उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि तिखट चटणी. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, सगळे ती उभ्या उभ्या खातात. शेजारीच चिनी माणूस परतलेल्या शेवया विकत असतो.

गणेशचतुर्थीला तेथे सरकारी सुटी असते. घरोघर बोलतात ती क्रिओल भाषा. मराठी मात्र मुले शाळेत शिकतात.