माशाच्या काट्याजवळची लाल पट्टी

ट्राउट मासा साफ करताना आतडी काढली की पाठीच्या काट्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी दिसते. गोठलेले रक्त समजून आपण ती खरवडून टाकतो. वास्तविक ते माशाचे मूत्रपिंड असते. माणसाच्या रक्तपेशी हाडांतील मगजात तयार होतात. माशात हे काम मूत्रपिंडाचा डोक्याकडील भाग करतो. रोगजंतूंशी लढणाऱ्या ‘बी’ पेशीही तेथेच जन्मतात. आजचा पाठ या पेशींविषयी आहे.

‘बी’ हे अक्षर कोंबडीकडून आले आहे. कोंबडीच्या शेपटीजवळ पोटात एक लहान पिशवी असते. इटालियन शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांच्या नावावरून तिला ‘बर्सा ऑफ फॅब्रिशियस’ म्हणतात. ही पिशवी काढून टाकलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत, असे ओहायो स्टेट विद्यापीठातील ब्रूस ग्लिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली दाखवून दिले. प्रतिपिंड म्हणजे जंतूला चिकटून त्याला नरम पाडणारे प्रथिन. ते बनविणाऱ्या पेशींना पुढे बर्सावरून ‘बी’ हे नाव पडले. ही पिशवी माशाला नाही व आपल्यालाही नाही. पेशी मात्र दोघांजवळ आहेत.

आता प्रश्न असा की, जंतू असंख्य आणि जनुके मोजकी. मग प्रत्येक जंतूला साजेसे प्रतिपिंड कसे मिळते? प्रतिपिंडाचे जनुक तुकड्यातुकड्यांनी असते. एकाच गाठोड्यातील चिंध्यांतून प्रत्येक गोधडी निराळी शिवावी, तसे प्रत्येक बी पेशी हे तुकडे निराळ्या तऱ्हेने जोडते. हे उलगडल्याबद्दल सुसुमु टोनेगावा यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे कापणे-जोडणे करणारी ‘रॅग’ नावाची दोन जनुके १९८९-९० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत सापडली. ती जशी आपल्यात आहेत तशीच शार्क व ट्राउटमध्येही आहेत.

तरीही माशाची बी पेशी थोडी निराळी आहे. २००५ साली ट्राउटमध्ये ‘आयजीटी’ नावाचे नवे प्रतिपिंड आढळले. ते माणसात नाही. २००६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ओरिओल सुन्यर व सहकाऱ्यांना दिसले की, ट्राउटच्या बी पेशी प्रतिपिंडे तर बनवितातच, शिवाय जंतू गिळून पचवितात. पुढे २०१० साली आतड्यांत व २०१६ साली कल्ल्यांत आयजीटीच पहारा देते, असे त्यांच्या गटाने दाखविले.

याचा व्यवहारात उपयोग काय? आयडाहोतील हॅगरमन खोऱ्यात ट्राउटची मोठी पैदास होते. १९५० च्या दशकात तेथे माशांचे तोंड लाल करून त्यांना मारणारा ‘रेडमाउथ’ रोग ओळखला गेला. १९७६ साली त्यावरील लसीला अमेरिकेत परवाना मिळाला. हजारो पिल्लांना सुई टोचणे अशक्यच. म्हणून त्यांना लस मिसळलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढतात. लस आधी आली; कल्ल्यांतील पहारेकरी कोण, हे बऱ्याच वर्षांनी कळले. पाणी थंड असेल तर माशाला प्रतिपिंडे बनविण्यास कित्येक आठवडे लागतात, म्हणून लस रोगाच्या हंगामापूर्वीच द्यावी लागते. लसीने रोग टळला की औषधेही कमी वापरावी लागतात.

मुलांना विचारावयाचे प्रश्न :
१) ‘बी’ हे अक्षर कोणत्या अवयवावरून आले?
२) माशाच्या बी पेशी कोणती दोन कामे करतात?
३) सुई न टोचता माशाला लस कशी देतात?