स्कॅन झाले, मग सूची कशाला?

प्रश्न : जुने सरकारी कागद आता स्कॅन होऊन संगणकावर येतात. मग अभिलेखागारे पुन्हा त्यांची सूची का करत बसतात? गावाचे नाव टाकले की कागद समोर यायला नको का? (एक वाचक, आरमोरी)

उत्तर : अपेक्षा रास्त आहे. पण स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. छापील मजकूर संगणक बऱ्यापैकी वाचतो; मोडीतली किंवा कारकुनाने घाईत लिहिलेली मिसल (एखाद्या प्रकरणाची फाइल) त्याला सहसा लागत नाही. म्हणून तो शोधतो ते त्या मिसलीविषयी कोणा माणसाने लिहून ठेवलेल्या चार ओळींत. त्या ओळी म्हणजेच सूची.

आता तुमचाच मुलूख घ्या. तुमचा गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधीचे कागद चंद्रपूरचे, आणि त्याहून जुने 'चांदा' या नावाचे. सिरोंचा तर १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी या वेगळ्याच जिल्ह्यात होते. इंग्रजी कागदांत अहेरीचे 'अहिरी' होते, आलापल्लीचे 'अलापिल्ली'. शिवाय एकाच नावाला माल, चक किंवा रिठ जोडलेली निरनिराळी गावे! आजचे नाव टाकून काही आले नाही, की माणूस समजतो कागदच नाही. कागद असतो, जुन्या नावाखाली.

कागद विषयवार वेगळे केले की झाले, हाही गैरसमजच. जंगलाच्या चौकशीची मिसल, शेजारचा नकाशा, मालगुजाराची तक्रार हे एकाच गठ्ठ्यात असतात म्हणून एकमेकांचा अर्थ लावतात. त्यामुळे गठ्ठा न मोडता आधी त्याचे कार्यालय आणि साल नोंदवतात, मग आतली एकेक मिसल, आणि जुन्या नावाशेजारी आजचे नाव. ही शेवटची जोडी लावणे सर्वांत अवघड. तिथे गावातल्या जाणत्या माणसांना विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

हे काम केवळ इतिहासकारांसाठी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांत निस्तार पत्रक (गावाच्या वापरहक्कांची नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद), जुने नकाशे पुरावा म्हणून चालतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तशा वाटेने निघालेल्या प्रत्येक ग्रामसभेला असे कागद हाती लागले पाहिजेत.

चांदा जिल्हा ज्यात होता त्या मध्य प्रांताच्या सचिवालयाची दप्तरे नागपूरच्या अभिलेखागारात आहेत. तिथे जाताना गावाचे आजचे आणि जुने नाव, जुना तालुका, जमीनदारी असल्यास ती आणि अंदाजे साल एवढे लिहून न्या.